लिनलिथगो राजवाड्यावरील विनापरवाना छप्पर काढून टाकणेबाबत

प्रति,
मा. श्री. विनय सोहोनी,
अध्यक्ष, पंचसरोवर मराठी मंडळ,
नोव्हाय, मिशिगन.

विषय : माझी नात कु. आन्या राकेश गजभिये हिने केलेल्या पडक्या राजवाड्यावर आपल्या सजावट समितीने बांधलेले छप्पर काढून टाकणे व त्या राजवाड्यातून हलविलेली मातीची स्त्री-मूर्ती परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज व त्यावर आपण पाठविलेले अंगठ्याचे चित्र.
२) माझा दुसरा अर्ज व त्यावर आपण पाठविलेले हात जोडल्याचे चित्र.
३) सजावट समिती प्रमुख सौ. आसावरी दांडेकर यांचा ‘काका, चिल करा’ हा संदेश.

महोदय,

वरील विषयाबाबत हा माझा तिसरा अर्ज. पहिल्यावर आपण अंगठा पाठवलात. माझ्या नोकरीत अंगठा सही न येणाऱ्याचा घेत असू, आणि तोही दोन साक्षीदारांसमक्ष. दुसऱ्यावर जोडलेले हात आले. तो नमस्कार होता की ‘आता पुरे करा’ असे होते, याचा उलगडा माझ्या मुलीलाही झाला नाही. या वेळी अक्षरांत उत्तर द्यावे.

१. अर्जदाराची ओळख. मी महानगरपालिकेच्या अतिक्रमण निर्मूलन विभागातून कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झालो. उभ्या नोकरीत दुसऱ्याच्या जागेवर चढवलेली छपरे उतरवली. टपऱ्या, ओटे, गच्चीवरच्या खोल्या, एका नगरसेवकाच्या मेहुण्याचे आख्खे मंगल कार्यालय. तेव्हा विनापरवाना बांधकाम कशाला म्हणतात हे मला समजावून सांगण्याच्या भानगडीत आपण पडू नये. सध्या मी मुलगी हर्षिता व जावई राकेश यांच्याकडे नोव्हाय येथे राहत असून माझे परतीचे विमान या महिनाअखेर आहे. मी जाईपर्यंत प्रकरण थंड होईल असा आपला अंदाज असल्यास तो चुकीचा आहे.

२. घडलेला प्रकार. मंडळाच्या दिवाळी किल्ला स्पर्धेसाठी आन्या, वय अकरा, हिने स्कॉटलंडमधील लिनलिथगो या गावच्या राजवाड्याची प्रतिकृती केली. हा राजवाडा पडका आहे. त्याला छप्पर नाही. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ती प्रतिकृती हॉलमध्ये ठेवून घरी गेलो. आपल्या सजावट समितीला वाटले की गाडीतून आणताना ती मोडली. समितीने ती दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा राजवाड्याला थर्माकोलचे लाल छप्पर होते, छपरावर झेंडा होता आणि पाटीवर ‘किल्ले राजगड’ असे लिहिलेले होते. राजवाड्याच्या खिडकीत आन्याने बसवलेली तिच्या आजीची मूर्ती जागेवर नव्हती. आजी म्हणजे माझी पत्नी, कालकथित कमला. ती दोन वर्षांपूर्वी गेली. छपराचे मी पुढे सविस्तर लिहिणारच आहे, पण या अर्जाचे मूळ ती मूर्ती आहे, हे आपण ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

३. ‘पण काका, दिवाळीत परदेशातला राजवाडा कोण करतं?’ असे आपण फोनवर विचारले होते. मंडळाच्या नियमपत्रकात ‘कोणताही ऐतिहासिक किल्ला अथवा राजवाडा’ असे छापलेले आहे. ते आपणच छापले आहे. आमच्या विदर्भाकडे दिवाळीत अंगणात किल्ला करायची रीत फारशी नाही, आणि आमच्या घरी तर दिवाळीच नव्हती. आमचा मोठा दिवस दसऱ्याचा, दीक्षाभूमीचा. परंतु आन्याच्या मराठी शाळेतल्या मुली किल्ले करत होत्या, तिलाही करावासा वाटला. कोणता करायचा, असे तिने मला विचारले. मी म्हणालो, पाहिला असशील तो कर. तिने आयुष्यात एकच पाहिला आहे. नाव नोंदवायला गेलो तेव्हा सौ. दांडेकरांनी हसून विचारले, ‘काका, तुमच्याकडे करतात का हो किल्ला?’ हा प्रश्न मी वसतिगृहात, कचेरीत आणि भाड्याची खोली शोधताना निरनिराळ्या चालींत ऐकलेला आहे. त्या वेळी उत्तर दिले नव्हते, ते आता लेखी देतो. करतो. आणि पडका करायचा असेल तर पडकाच करतो.

४. समितीला सदर इमारतीचा पूर्वेतिहास ठाऊक नसल्याने प्रकार घडला, म्हणून तो खाली देत आहे. तेथील फलकांवरून, हर्षिताने वाचून दाखवलेल्या पुस्तिकेवरून आणि २०१९ साली मुलीकडे तेथे राहिलो तेव्हा सहा महिने त्या भिंतींखाली उभे राहून मी तो गोळा केला आहे.

लिनलिथगो हे एडिंबरोजवळचे लहान गाव. तळ्याकाठच्या उंचवट्यावर स्कॉटलंडच्या राजाचे घर फार पूर्वीपासून होते. सन १३०२ च्या सुमारास इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने त्या जागेला लाकडी तट घातला आणि आपली माणसे आत बसवली. जागा एकाची, कुंपण दुसऱ्याचे. आमच्या खात्यात यालाच अतिक्रमण म्हणतात. ते दहा-बारा वर्षे टिकले. ते कसे हटले हे आपण जरा लक्ष देऊन वाचावे. बिनॉक नावाचा शेतकरी आतल्या शिबंदीला गवत पुरवत असे. असे सांगतात की एके दिवशी त्याने गवताच्या गाडीत माणसे लपवली, गाडी नेमकी वेशीत आणून उभी केली आणि बैलांचे दोर कापून टाकले. वरून सोडायचा जाळीचा दरवाजा गाडीवर अडकला, काही केल्या बंद होईना. गवतातली माणसे बाहेर आली आणि जागा मोकळी झाली. नोटीस नाही, पोलीस बंदोबस्त नाही, कोर्टाची स्थगिती नाही. हे वाचले त्या दिवशी मला माझ्या नोकरीचे फार वाईट वाटले.

पुढे १४२४ साली गावाला आग लागली, त्यात राजाचे घरही गेले. तेव्हा पहिल्या जेम्स राजाने दगडी राजवाडा बांधायला घेतला. चारी बाजू उभ्या राहून मधला चौक बंद व्हायला चौथा जेम्स यावा लागला, म्हणजे शंभरएक वर्षे काम चालू होते. आमच्याकडच्या उड्डाणपुलांचा वेग पाहता मला त्यात काही वावगे वाटले नाही. पाचव्या जेम्सने चौकाच्या मध्यभागी दगडी कारंजे बसवले, खालून वर निमुळते होत गेलेले. ते कारंजे आहे. त्यात पाणी येते. हे आत्ताच स्पष्ट करून ठेवतो, कारण समितीने त्याचे काय केले ते पुढे येणार आहे.

हा चौथा जेम्स १५१३ साली इंग्लंडवर चालून गेला आणि तेथेच मारला गेला. त्याची राणी मार्गारेट बुरुजाच्या टोकावरच्या एका खोलीत बसून त्याची वाट पाहत होती, असे तेथील लोक सांगतात. खोली अजून आहे. वर जायला अरुंद गोल जिना आहे. माझे गुडघे मला तेथवर नेईनात, कमला चढून गेली. खाली येऊन म्हणाली, ‘बसायला जागा बरी आहे, पण वारा फार.’ त्याच राजवाड्यात १५४२ च्या डिसेंबरात राजकन्या मेरी जन्मली. ती सहा दिवसांची असताना तिचा बाप वारला आणि ती स्कॉटलंडची राणी झाली. आन्याला ही गोष्ट सगळ्यांत आवडायची. सहा दिवसांच्या मुलीला तेथे राज्य मिळाले. अकरा वर्षांच्या मुलीला आपल्या मंडळात स्वतःच्या कामावर स्वतःची पाटीसुद्धा ठेवता आली नाही.

५. १६०३ साली तेथला राजा इंग्लंडचाही राजा झाला आणि कुटुंबासह लंडनला राहायला गेला. थोडक्यात, त्याला चांगली पोस्टिंग मिळाली. मालक परदेशी आणि घर गावी राहिले की त्या घराचे काय होते हे आपल्या मंडळात कोणाला सांगायची गरज नाही. चार वर्षांनी एका पहाटे राजवाड्याची उत्तरेकडची बाजू छपरासकट कोसळली. तेथल्या सरदाराने राजाला पत्र लिहिले. अमुक तारखेस, पहाटे तीन ते चारच्या दरम्यान, उत्तर बाजू आत पडली आहे. भिंती अजून उभ्या आहेत. पण आतली भिंत कोणत्या क्षणी कोसळून महाराजांचे कारंजे फोडील याचा भरवसा नाही, असे त्यात आहे. महोदय, अर्ज म्हणतात तो हा. काय पडले, केव्हा पडले, काय शिल्लक आहे, पुढे धोका कशाला आहे. चारशे वर्षांपूर्वीचा कागद, त्यात एक शब्द मोघम नाही. राजानेही त्यावर अंगठा पाठवला नाही. कामाला सुरुवात व्हायला दहा-अकरा वर्षे लागली हे खरे, पण उत्तर बाजू पुन्हा उभी राहिली.

६. आता छपराकडे येतो. १७४५ साली राजपुत्र चार्ल्स गादीवर हक्क सांगत स्कॉटलंडात आला, तेव्हा त्याच्या स्वागताला या कारंज्यातून म्हणे दारू वाहिली. पुढल्या वर्षाच्या आरंभी त्याच्या पाठलागावर निघालेले सरकारी सैन्य राजवाड्यात मुक्कामाला उतरले. निघताना त्यांनी शेकोट्या नीट विझवल्या नाहीत आणि राजवाडा जळून गेला. छप्पर त्या वेळी गेले. त्याला आता पावणेतीनशेच्या वर वर्षे झाली. तेवढ्या काळात त्या लोकांना छप्पर घालणे अशक्य होते असे नाही. जे उरले ते उरले तसे उभे ठेवायचे, असे त्यांनी ठरवले. ते भिंतींचे सांधे भरतात, दगडांत उगवलेली झुडपे काढतात, पडू देत नाहीत, पण वर काही चढवत नाहीत. जे धाडस ब्रिटिश सरकारने आजवर केले नाही, ते आपल्या समितीने एका संध्याकाळी समोसे खाता खाता केले. त्या सैनिकांनी निदान जाळले आणि ते चालते झाले. वर नवीन इमारत बांधून तिला दुसऱ्याच गडाचे नाव दिले नाही.

७. स्थळ पाहणी. प्रतिकृती सध्या हॉलच्या प्रवेशदालनात टेबलावर ‘किल्ले राजगड’ म्हणून प्रदर्शनात ठेवलेली आहे. मी तेथे वरचेवर जातो. माझ्या पाहणीत आढळले ते असे. चारी बाजूंवर लाल थर्माकोलचे उतरते छप्पर असून ते भिंतींना गरम गोंदाने चिकटवले आहे. भिंती आन्याने पुठ्ठ्यावर माती लिंपून महिनाभर बेसमेंटमध्ये बसून केल्या. मी तिला फक्त मापे काढून दिली. तळे म्हणून पसरलेला निळा कागद उचलून त्या जागी मोहरी पेरली आहे, ती छान उगवली आहे. चौकातल्या कारंज्याला समितीने तुळशी वृंदावन ठरवले आणि त्यात ग्रोसरीत मिळणाऱ्या बेझिलची काडी खोचली. स्कॉटलंडच्या पाचव्या जेम्स राजाने अंगणात तुळस लावली होती, हे संशोधन मंडळाच्या नावावर नोंदवावे.

यानंतर परीक्षक आले. त्यांनी पाटी वाचली, इमारत पाहिली आणि शेरा मारला, ‘राजगडाशी साम्य नाही. अभ्यास कमी पडला.’ या शेऱ्याशी मी पूर्णतः सहमत आहे. राजगडाबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच सांगतो की हा राजगड नाही. जो गड मुलीने केलाच नव्हता, तो तिला नीट करता आला नाही म्हणून तिचे गुण कापले गेले. नंतर मंचावर बोलावून उत्तेजनार्थ प्रमाणपत्र देण्यात आले. त्यावर ‘अनुष्का गजभिये’ असे नाव आहे. अनुष्का कोण, याचा तपास मंडळाने करावा. प्रमाणपत्र सोबत परत पाठवीत आहे. गाडीत आन्या एवढेच म्हणाली, ‘इट्स फाइन, आजोबा.’ मला या देशातल्या थंडीपेक्षा हे ‘इट्स फाइन’ जास्त झोंबते.

सौ. दांडेकरांचा खुलासा असा की, ‘काका, आम्ही हेल्पच केली ना! लहान मुलीचं तुटकं तसंच ठेवलं असतं तर तिला किती वाईट वाटलं असतं! आम्ही घरी न जाता थांबून फिक्स केलं यार.’ त्या थांबल्या होत्या, हे मला मान्य आहे. मनाने वाईट नाहीत, हेही मान्य आहे. पण एका प्रौढ बाईला एक फोन करून ‘हे असंच आहे का?’ एवढे विचारता येऊ नये? आम्ही चुकलोच असणार, आमच्याकडून मोडलेच असणार, हे त्यांना विचारण्याआधीच ठाऊक होते. मदत म्हणून केलेले अतिक्रमण हटवायला सर्वांत अवघड जाते, कारण समोरचा रडू लागतो. सौ. दांडेकरही फोनवर रडल्या. त्याने छप्पर उतरलेले नाही.

८. मूर्तीबाबत. २०१९ सालच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता सहा महिने लिनलिथगोला राहिलो. राकेश एडिंबरोला एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर होता, हर्षिताचीही नोकरी होती, आन्या पाच वर्षांची. शाळा सुटली की कमला तिला घेऊन राजवाड्यात जाई. तेथे दरबाराचे मोठे दालन आहे. भिंती उंचच उंच, वर थेट आकाश. त्यातल्या एका खिडकीत दगडी बैठक आहे, तेथे बसून दोघी डब्यातले खात. कमलेला इंग्रजी येई, पण त्या लोकांचे इंग्रजी तिला कळत नसे आणि तिचे त्यांना. त्यामुळे ती दारावरच्या बाईंशी सरळ मराठीतच बोले. ‘येते बरं का, उद्या पोळ्या आणते,’ म्हणून सांगे आणि त्या बाई मान हलवत. पहिल्याच दिवशी मी सगळीकडे फिरून शेरा दिला होता की इमारत धोकादायक असून तातडीने उतरवून घेणे योग्य राहील. कमला म्हणाली, ‘तुमच्या हाती दिली असती तर दोन दिवसांत सपाट केली असती. बसा गुपचूप.’ मी बसलो. ऊन असेल तर तेथे फार बरे वाटे.

आन्याने केलेली मूर्ती बोटभर उंचीची आहे. साडीवर जांभळा स्वेटर, डोक्यावर लोकरीची टोपी, पायांत पांढरे बूट, मांडीवर डबा. मान किंचित डावीकडे, कारण कमलेला उजव्या कानाने कमी ऐकू येई आणि ती नातीकडे डावा कान करून बसे. हे मी आन्याला सांगितले नव्हते. मूर्ती पाहीपर्यंत मला स्वतःला ते आठवतही नव्हते.

समितीने या मूर्तीला किल्ल्यावर मांडायचे मातीचे चित्र समजून खिडकीतून उचलले आणि राजवाड्याबाहेर, उताराच्या पायथ्याशी, समितीनेच मांडलेल्या बाजारपेठेत नेऊन बसवले. पुढ्यात टोपली ठेवली, टोपलीत लाल मणी टोमॅटो म्हणून भरले. तिला भाजीवाली केली. भाजी विकण्यात कमीपणा आहे असे मी म्हणत नाही, म्हणूच शकत नाही. कमलेची आई आठवडी बाजारात जमिनीवर पोते पसरून भाजी विकत असे. त्या भाजीवर कमला शिकली, शिक्षिका झाली आणि महापालिकेच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. पुढ्यातली ती टोपली उचलायला एक आख्खी बाई झिजली. आपल्या समितीने ती पुन्हा आणून कमलेपुढे ठेवली, आणि तीही शोभेसाठी. आतल्या खिडकीत ही बाई बसलेली असू शकते, हे कोणाच्या मनातही आले नाही. यासाठी मी सरकारी भाषेत शब्द शोधत बसत नाही. मला राग आला. तो अजून गेलेला नाही.

निकालापर्यंत कशालाही हात लावू नका, असे समितीने सांगितल्याने मूर्ती आम्हाला तेथून उचलता आली नाही, आणि बक्षीस समारंभ संपल्यावर स्वयंसेवकांनी सगळ्या किल्ल्यांवरची मातीची चित्रे एकाच खोक्यात भरली, पुढच्या वर्षी उपयोगी पडतील म्हणून. खोके मंडळाच्या स्टोरेजमध्ये गेले. मी फोन केला तेव्हा आपले शब्द असे होते: ‘काका, त्यात शंभरेक मावळे आहेत, आता कोण शोधत बसणार? आन्याला सांगा ना, दुसरी बनव. किड्स एन्जॉय करतात.’

९. आपल्या सूचनेची अंमलबजावणी करून पाहिली. आन्या जेवणाच्या टेबलावर माती घेऊन बसली. स्वेटर केला, टोपी केली, बूट केले, डबा केला. चेहऱ्याशी येऊन थांबली. मोडली, पुन्हा केली, पुन्हा मोडली. मी कमलेचा फोटो पुढे ठेवला. ती म्हणाली, ‘दॅट्स जस्ट द फोटो, आजोबा. ती तिथे बसायची तशी नाहीये ही.’ मग, माझ्याकडे न बघता, ‘पहिल्यांदा बनवताना मला आठवत होतं. आता आय ट्राय, पण मला ती भाजीवालीच दिसते.’ तिने हात धुतले आणि खोलीत गेली. त्यानंतर तिने मातीला हात लावलेला नाही, मराठी शाळेलाही गेलेली नाही. हर्षिता म्हणते, बाबा, आता सोडून द्या. मी आयुष्यात पुष्कळ प्रकरणे सोडून दिली, वरून फोन आला म्हणून सोडली. या प्रकरणात वर कोणी नाही. आपणच आहात.

१०. सबब मागण्या अशा. छप्पर ज्यांनी चढवले त्यांनीच, आन्या हजर असताना, स्वतःच्या हातांनी उतरवावे. घाई करू नये. गोंद सोडवताना भिंतीचा तुकडा पडला तर पडू द्यावा, तो परत चिकटवू नये. कारंज्यातली काडी मी स्वतः काढली आहे, त्याबद्दल काय कारवाई करायची ती करावी. पाटी बदलावी. स्टोरेज उघडून खोके माझ्यासमोर टेबलावर रिकामे करावे. आपल्यापैकी कोणी शोधायची गरज नाही. जप्त मालाच्या गोदामात, पाच हातगाड्यांच्या ढिगाऱ्याखालून, मी एका म्हाताऱ्याचा तराजू शोधून दिलेला आहे. शंभर मावळ्यांतून स्वतःची बायको मला ओळखता येईल.

ही कार्यवाही पुढील रविवारपर्यंत न झाल्यास काय होईल, असे आपण मनात म्हणत असाल. माझ्याजवळ गवताची गाडी नाही. मुलीची मिनीव्हॅन मात्र आहे, आणि आपल्या स्टोरेजचे शटर वरून खालीच पडते, हे मी जाऊन पाहून आलो आहे. मला या देशात गाडी चालवायचा परवाना नाही, हे आपले नशीब समजावे.

११. मूर्ती सापडल्यास ती माझ्या हाती देऊ नये. माझ्याजवळ कमलेसोबतची चाळीस वर्षे आहेत, ती मला पुरतात. आन्याजवळ एक उन्हाळा आहे, आणि तोही पुसत चालला आहे. मूर्ती तिच्याच हाती द्यावी. मोडली असली तर मोडलेली द्यावी. कृपा करून दुरुस्त करू नये.

१२. प्रकरण आन्याचे असल्याने हा अर्ज पाठवण्यापूर्वी तिला वाचून दाखवला. तिला सगळे शब्द कळले नाहीत. ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘आजोबा, यू आर सो मीन. असं लिहिलं तर ते कशाला देतील?’ मी म्हणालो, आपली बाजू खरी आहे. ती म्हणाली, ‘आय नो. पण मला खरी बाजू नको, मला आजी पाहिजे.’

सोहोनी साहेब, वरचे सगळे हवे तर बाजूला ठेवा. छप्परही राहू द्या. तेवढी आमची कमला शोधून द्या, प्लीज.

आपल्या उत्तराची वाट पाहत, नम्रपणे,

(सही)
लहू तुकाराम मेश्राम
सेवानिवृत्त कनिष्ठ अभियंता
मुक्काम नोव्हाय, मिशिगन
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) लिनलिथगो राजवाड्याचा फोटो, छपराशिवाय.
२) अनुष्का नावाच्या मुलीचे प्रमाणपत्र.
३) कालकथित कमला लहू मेश्राम यांचा फोटो, खोक्यातून ओळख पटविण्यासाठी. पाहून झाल्यावर परत मिळावा.